वाडा वाढवावा कीं सोडावा ? : पेशव्यांच्या राहत्या घराविषयीं कांहीं विचार

पुण्याच्या शनवारवाड्यासंबंधीं आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक त्या वाड्यांत घडलेल्या प्रसंगांविषयीं आहे. नारायणरावाचा वध, सवाई माधवरावाचा अंत, १८१७ सालीं चढलेलें इंग्रजी निशाण, हे विषय इतके ठळक आहेत कीं त्यांच्यामागें उभी असलेली इमारत लेखकांस नाटकाच्या पडद्यासारखी वाटावी यांत नवल नाहीं. परंतु शनवारवाडा हें मुळांत एका कुटुंबाचें राहतें घर होतें. त्यांत सुना आल्या, मुलें झालीं, भाऊबंदकी माजली, जागा अपुरी पडली, लांकूड जळालें आणि नवें बसविलें गेलें. घर अपुरें पडलें किंवा बिघडलें म्हणजे कोणाही गृहस्थापुढें जो प्रश्न उभा राहतो तोच पेशव्यांपुढेंही राहिला : आहे तेंच घर वाढवून व दुरुस्त करून राहावें, कीं तें सोडून दुसरी वास्तु करावी ? सत्तर वर्षेंपर्यंत या प्रश्नाचें उत्तर एकाच प्रकारें दिलें गेलें; पुढें एका पेशव्यानें तें फिरविलें. तें कां फिरविलें याचें जें कारण लोकांत सांगतात, तें कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं असें आमचें मत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ सासवडापासून केला पाहिजे. बाळाजी विश्वनाथाचें बिऱ्हाड सासवडास होतें व १७२० च्या एप्रिलांत तेथेंच त्याचा अंत झाला. त्याच महिन्यांत मसूरच्या मुक्कामीं शाहूनें बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, आणि पुढील कांहीं वर्षें नव्या पेशव्याचें घरही सासवडासच राहिलें. गांव वाईट नव्हतें. पाठीशीं पुरंदरासारखा किल्ला, कऱ्हेचें पाणी, आणि पुरंदऱ्यांसारखें स्नेही घराणें. यापेक्षां अधिक कोणाला काय पाहिजे असतें? पण सासवड हें पुरंदऱ्यांचें गांव. तेथें पेशवा अगदीं पाहुणा नव्हे, तरी घरधनीही नव्हे. शिवाय १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेडास निजामास कोंडून धरल्यावर बाजीरावाच्या दृष्टीचा ओघ उत्तरेकडे लागला होता. खेड-जुन्नर-नाशिकची वाट, बोरघाटाची वाट आणि साताऱ्याची वाट या तिन्ही जेथें एकत्र येतात असें ठिकाण पुणें होय, सासवड नव्हे. १७२८ च्या सुमारास बाजीरावानें बिऱ्हाड पुण्यास हलविलें व कसब्यांतील धडफळ्यांच्या वाड्यांत तो राहूं लागला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पुण्यांत त्या वेळीं एक थोर वास्तु पडक्या स्थितींत कां होईना पण होती. ती म्हणजे शहाजीराजांचा लाल महाल. जिजाबाई व बाळ शिवाजी जेथें राहिले, आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजीनें शाएस्तेखानावर जेथें छापा घातला, तें हें घर. नव्या पेशव्यास पुण्यांत राहावयाचें तर तेंच डागडुजी करून घेणें खर्चाच्या दृष्टीनें स्वस्त पडलें असतें. बाजीरावानें तसें केलें नाहीं. धन्याचें घर सेवकानें स्वतः राहण्यासाठीं दुरुस्त करून घ्यावें हें त्या काळच्या मर्यादेंत बसलें नसतें, असा आमचा तर्क आहे. छत्रपति साताऱ्यास हयात असतां त्यांच्या पणज्याच्या महालांत प्रधानानें चूल मांडली, असें बोलण्यास कोणाला जागा ठेवणें बाजीरावाला परवडण्यासारखें नव्हतें. सारांश, एक घर दुसऱ्याचें म्हणून सोडलें, आणि दुसरें धन्याचें म्हणून घेतलें नाहीं. राहिला एकच मार्ग, नवीन पाया घालण्याचा.

जागेच्या निवडीची जी कथा सांगतात ती वाचकांस ठाऊकच आहे : बाजीरावानें म्हणे या ठिकाणीं सशाला कुत्र्याच्या पाठीस लागलेला पाहिला आणि ही भूमि शूरांची असें ठरविलें. हा ससा फार हिंडलेला आहे. विजयनगरच्या स्थापनेच्या कथेंत तो आढळतो आणि अहमदाबादच्या कथेंतही आढळतो. त्यास पुण्यापुरता विश्रांति देणें बरें. खरें कारण नकाशावर दिसतें. मुठेचें पाणी हाताशीं, कसब्याची जुनी वस्ती लगत, आणि पश्चिमेस व दक्षिणेस वाढण्यास मोकळी जागा. घर बांधणारास याहून अधिक शकुन नको असतो.

पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली व वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं. दोन्ही दिवस शनवार, दोन्ही माघ शुक्लपक्षांतले, अनुक्रमें शके १६५१ व १६५३. तारखांच्या संग्राहकांसाठीं एक सूचना करून ठेवितों. या तारखा त्या काळच्या इंग्रजी व्यवहारांतील जुन्या, म्हणजे ज्यूलियन पंचांगाच्या आहेत. नव्या पद्धतीनें त्या २१ जानेवारी १७३० व २ फेब्रुवारी १७३२ अशा येतात, आणि तशा धरल्या तरच आजच्या कोष्टकांत वार शनवार मिळतो. कित्येक अलीकडच्या पुस्तकांत जुनी तारीख व नवें कोष्टक यांची गांठ घालून वार चुकविलेला दिसतो, आणि मग वाड्याच्या नांवाविषयीं नसती शंका उत्पन्न होते.

लांकूड जुन्नरच्या रानांतलें सागवान, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीच्या बाजूचा; आणि एकंदर खर्च १६,११० रुपये. हा आंकडा प्रसिद्ध आहे, पण तो नेहमीं अर्धवट समजला जातो. आज जो तट, जे बुरूज व जो दिल्लीदरवाजा आपण पाहतों, त्या सर्वांची ही किंमत नव्हे. ही पहिल्या वाड्याची किंमत. म्हणजे एका यशस्वी सरदाराच्या चांगल्या घराची. त्या घरांत पुढील दोन पिढ्यांनीं जें ओतलें त्यापुढें ही रक्कम अगदींच अल्प होय.

घर वाढविण्याचा निर्णय कोणी एका दिवशीं बसून घेतला असें मानण्याचें कारण नाहीं. तो वाड्याच्या बांधणींतच होता. आपला देशी वाडा दगडी जोत्यावर उभा राहतो. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया व कडीपाट. भिंत ही या सांगाड्याच्या पोटांत भरलेली. भार लांकडावर असतो. त्यामुळें एखादी भिंत काढावयाची झाली तरी माळा उतरत नाहीं, आणि कुजलेला खांब धिरे देऊन बदलतां येतो. मोजमाप खणाचें, वाढ चौकाची. दोन सोपे कमी पडले तर मागच्या बाजूस आणखी एक चौक काढावा, त्यास जुन्या चौकांतून दिंडी ठेवावी, वर मजला चढवावा. अशा घराचा मालक घर सोडण्याचा विचार सहसा करीत नाहीं, कारण घर प्रत्येक वेळीं थोडें थोडें देऊं करतें. मस्तानीसाठीं निराळा महाल करण्याची वेळ आली तेव्हां तो आवारांतच उठला, आणि तिच्या नांवाचा दरवाजा आजही दाखवितात. ज्या कलहामुळें सामान्य कुटुंबांत दोन घरें झालीं असतीं, तो येथें एका अधिक दरवाजावर भागला. निदान कांहीं काळ भागला.

बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजीं नर्मदाकांठीं रावेरखेडीस वारला. नानासाहेबाच्या काळीं वाड्याचें रूप पालटलें. तटाविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, काम चालू असतां त्याची वर्दी साताऱ्यास गेली, आणि उत्तराभिमुख दरवाजा व दगडी तट हें शाहूस रुचलें नाहीं. सबब तटाचें काम थांबलें आणि १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू निवर्तल्यावर तें पुरें झालें. हकीकतींत किती पदर मागून जोडलेले आहेत हें सांगणें कठीण, परंतु तिच्यांत एक सत्य आहे. तट आल्याबरोबर हें घर घर राहिलें नाहीं, गढी झाली. आणि गढी बांधण्याची मोकळीक धन्याच्या पश्चात् मिळाली. १७५५ च्या सुमारास गणेश रंगमहाल झाला. दिवाणखाने, आरसेमहाल, वर वर चढत गेलेले मजले, ही सर्व वाढ याच काळापासूनची. पुढें सवाई माधवरावाच्या वेळचें हजारी कारंजें आलें, ज्याच्या सोळा पाकळ्यांचें जोतें आजही पाहावयास मिळतें.

आमच्या मतें मात्र नानासाहेबाचें सर्वांत महत्त्वाचें काम वाड्यांत नाहीं, कात्रजेस आहे. तेथें तलाव बांधून, जमिनीखालून नळ काढून, वाटेंत उच्छ्वास ठेवून, त्यानें पाणी शहरांतील हौदांत व वाड्यांत आणिलें. हें काम शतकाच्या मध्यावर कित्येक वर्षें चाललें होतें. घर सोडावें कीं राहावें या प्रश्नाचा निकाल ज्या दिवशीं कात्रजचें पाणी वाड्याच्या कारंज्यास लागलें त्या दिवशीं झाला, असें म्हटलें तरी चालेल. भिंती दुसरीकडे बांधतां येतात. पाण्याचा नळ उचलून नेतां येत नाहीं. त्या पाण्याच्या आधारें पेठा वाढल्या, पेठांत सरदारांचे व सावकारांचे वाडे उठले, आणि हे सर्व लोक वाड्याकडे तोंड करून बसले. आतां पेशव्याचें घर हलवावयाचें म्हणजे शहर हलवावयाचें होतें. १७६३ त निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटलें, जाळलें. पानिपतचा घाव ताजा होता. घर बदलण्यास याहून मोठें निमित्त तें कोणतें ? तरी माधवरावानें राजधानी हलविली नाहीं.

नंतर ३० ऑगस्ट १७७३ चा दिवस आला. त्याची हकीकत येथें पुन्हां सांगत नाहीं. या लेखापुरता प्रश्न इतकाच कीं, ज्या घरांत घरधन्याचा वध त्याच्याच गारद्यांनीं केला, तें घर पुढें राहण्यास योग्य मानलें गेलें कीं नाहीं. गंगाबाईस पुरंदरावर नेलें व १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावाचा जन्म तेथें झाला. कारभाऱ्यांस घर सोडावयाचें असतें तर ही संधि उत्तम होती. पेशवा किल्ल्यावर होता, दफ्तर किल्ल्यावर नेतां येत होतें, आणि पुण्याच्या वाड्यावर रक्ताचा डाग पडलेला होता. परंतु पुरंदरचा मुक्काम हा मुक्कामच राहिला. मूल पुढें पुण्यास आणलें गेलें, आणि बाप जेथें मारला गेला त्याच वाड्यांत तें वाढलें. १७८३ त त्याचें लग्न झालें, तेंही वाड्यांत नांदण्यासाठींच. नाना फडणिसाचा हिशेब यांत स्पष्ट दिसतो : ज्या मुलाच्या हक्काविषयीं दादासाहेबाचा पक्ष शंका काढीत होता, त्याचा हक्क त्याला बापाच्या घरांत बसवूनच शाबीत होणार होता. घर सोडणें म्हणजे दावा सोडणें. १७९१ त वाड्यास मोठी आग लागली. पुन्हां तोच प्रश्न आणि पुन्हां तेंच उत्तर. दरबार वाड्यांतच राहिला. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव मरण पावला तोही याच वाड्याच्या छज्जावरून पडून.

आतां दुसऱ्या बाजीरावाकडे वळूं. १७९६ च्या डिसेंबरांत तो गादीवर आला. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरानें हडपसरजवळ त्याचा व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, तेव्हां तो पुणें सोडून गेला; ३१ डिसेंबरास वसईचा तह केला; आणि १८०३ च्या मे महिन्यांत इंग्रजी फौजेच्या साह्यानें परत आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८०७ च्या सुमारास, विश्रामबागवाडा तयार झाला. त्यास सुमारें दोन लाख रुपये लागले असें सांगतात. त्याखेरीज शुक्रवारवाडा झाला, बुधवारवाडा झाला. पेशव्याची निजण्याची जागा शनवारवाड्यांतून उठली ती कायमची.

याचें कारण लोकांत दोन प्रकारें सांगतात. एक म्हणजे आगी. १८०८ व १८१२ या सालीं वाड्यास आगी लागल्या, तेव्हां तो राहण्याजोगा उरला नाहीं, म्हणून पेशवा विश्रामबागेंत गेला, असें कित्येक ग्रंथांत सहज लिहून टाकलेलें आढळतें. परंतु १८०७ च्या घराचें कारण १८०८ ची आग कशी होईल ? फार तर असें म्हणतां येईल कीं, या आगींनीं परत येण्याची वाट बंद केली. १७९१ ची आग आधींची खरी, पण तिच्यानंतर दरबार तेथेंच चालला आणि खुद्द बाजीराव १७९६ पासून १८०२ पर्यंत तेथेंच राहिला. आगीनें घर सोडविलें असें म्हणण्यास आधार उरत नाहीं.

दुसरें कारण अधिक लोकप्रिय आहे. नारायणरावाची हांक अमावास्येच्या रात्रीं वाड्यांत ऐकूं येई, आणि ज्या दादासाहेबाच्या नांवावर तो वध लागला त्याचा मुलगा त्या भीतीनें तेथें झोंपेना, अशी ही कथा. कथा म्हणून ती उत्तम आहे. परंतु भुतास भ्यावयाचें तर तें पहिल्या सहा वर्षांत भ्यावें. सहा वर्षें राहून, मग परमुलखीं जाऊन, पलटणींच्या पहाऱ्यांत परत आल्यावर भीति उत्पन्न झाली, हें चमत्कारिक होय. शिवाय सवाई माधवराव, ज्याचा तो बाप, तो सारा जन्म तेथें राहिला हें वर सांगितलेंच.

तथापि या कथेच्या मुळाशीं एक गोष्ट आहे, आणि ती भुताहून वजनदार आहे. १७६८ त धोडपच्या लढाईनंतर माधवरावानें रघुनाथरावास धरून आणिलें, तें कोठें ठेविलें ? याच शनवारवाड्यांत. नारायणरावाच्या वेळीं पुन्हां त्यास अटकेंत ठेविलें, तेंही येथेंच. पुढें बाजीरावाचा जन्म जानेवारी १७७५ त धारेस झाला. बालपण व तारुण्य पुण्याबाहेर व शेवटीं शिवनेरीवर नजरकैदेंत गेलें. माधवराव, नारायणराव हे ज्या घरांत रांगले तें घर बाजीरावानें लहानपणीं पाहिलेंही नसावें. ज्याला तो वारसा म्हणून मिळाला त्याच्या लेखीं तो बापाचा बंदिवास होता. जे त्या घरांत वाढले त्यांनीं प्रत्येक संकटांत तें दुरुस्त केलें. जो बाहेर वाढला त्यानें पहिली फुरसत मिळतांच दुसरें बांधलें. यांत भित्रेपणा नाहीं. माणसाचा साधा स्वभाव आहे. बाजीरावाच्या अंगीं इतर दोष पुष्कळ होते, त्यांत हा एक न घातला तरी तूट येणार नाहीं.

पण स्वभावानें सर्व उलगडा होत नाहीं. मन नसतांही तो सहा वर्षें तेथें राहिलाच होता. मग १८०३ नंतरच घर बदलण्याचें धैर्य कोठून आलें? याचें उत्तर आम्हांस दोन्ही वाड्यांच्या तोंडांत दिसतें. शनवारवाड्याचें तोंड म्हणजे दिल्लीदरवाजा : लोखंडी खिळ्यांच्या फळ्या, दोन्हीं अंगांस बुरूज, वर नगारखाना, आंत शिरतांच वळण. विश्रामबागवाड्याचें तोंड म्हणजे रस्त्यावर उघडणारी कोरीव सागवानी मेघडंबरी, सुरूदार खांब, आणि खालून जाणाऱ्या येणाऱ्यास वरचा माणूस दिसेल असे सज्जे. तट नाहीं, बुरूज नाहीं, खंदक नाहीं. ज्या पेशव्यास नुकतेंच स्वतःच्या राजधानींतून पळावें लागलें होतें, त्यानें तटाचें घर सोडून बिनतटाचें घर बांधावें, हें वरवर पाहतां विपरीत वाटतें. वसईच्या तहाचीं कलमें समोर ठेविलीं म्हणजे विपरीत वाटत नाहीं. सहा हजारांहून कमी नाहीं अशी इंग्रजी पायदळ फौज पेशव्याच्या मुलखांत कायम राहावयाची आणि तिच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, असा तो तह. संरक्षणाचा खर्च एकदां असा दिल्यावर तटास तेल-वात कोण घालणार ? तटबंदीचें घर सांभाळावयाचें म्हणजे दरवाजा दरवाजास देवडी, देवडीस शिबंदी, शिबंदीस पगार; आणि पगार थकलेली शिबंदी वाड्यांत शिरली म्हणजे काय होतें तें १७७३ त सर्वांनीं पाहिलें होतें. बाजीरावाच्या नव्या घराचा तट त्याच्या घराभोंवतीं नव्हता, तो छावणींत होता. घराचें नांवच विश्रामबाग.

म्हणून आमचें मत असें कीं, १८०३ नंतरचा निर्णय हा पहिल्याप्रथम राजकीय होता आणि मग घरगुती. जोंवर पेशवा स्वतःच्या बळावर राज्य करीत होता तोंवर त्यास शनवारवाडा सोडतां येत नव्हता, मग त्यांत खून होवो, आग लागो कीं शहर जळो. ज्या वर्षीं बळ उसनें घेतलें, त्या वर्षांपासून घर निवडण्याची मोकळीक आली. पहिला बाजीराव सासवडाहून निघाला तोही मोकळीक शोधीत, हें खरें. परंतु त्यानें नवें घर बांधतांना शहर बरोबर आणलें. दुसरा बाजीराव चार पेठांपलीकडेही गेला नाहीं, तरी दरबाराचा जीव मात्र जुन्या जोत्यावरच राहिला.

याचा पुरावा शत्रूनें दिला आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्यानंतर पेशवा निघून गेला आणि १७ नोव्हेंबरास पुणें इंग्रजांच्या हातीं आलें. त्या दिवशीं निशाण चढवावयाचें तें कोणत्या घरावर ? पेशवा राहत होता विश्रामबागेंत. निशाण चढलें शनवारवाड्यावर. बाळाजीपंत नातूसारख्या माहितगारास हें सांगावें लागत नव्हतें कीं पेशवा कोठें निजतो आणि पेशवाई कोठें आहे. दहा वर्षांत नव्या घरास सर्व कांहीं मिळालें होतें, दोन लाखांचें लांकूड व नक्षी मिळाली होती, पण हें मिळालें नव्हतें.

पुढील हकीकत थोडक्यांत आटोपतों. बाजीराव १८१८ च्या जूनमध्यें माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्तास गेला व १८५१ त तेथेंच वारला. ब्रह्मावर्ताचा वाडा १८५७ सालीं इंग्रज फौजेनें पाडला. पुण्याचा शुक्रवारवाडा १८२० त जळाला. शनवारवाड्यांत इंग्रजांनीं तुरुंग घातला, इतर कचेऱ्या घातल्या, आणि १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगीनें कित्येक दिवस जळून आंतील बहुतेक सारें नाहींसें केलें. बुधवारवाडा १८७९ च्या मे महिन्यांत जळाला, त्याच वेळीं विश्रामबागेचाही कांहीं भाग गेला व पुढें तो दुरुस्त झाला. विश्रामबागेंत १८२१ पासून संस्कृत पाठशाळा भरत असे, मागाहून नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. १९१९ त शनवारवाडा संरक्षित ठरल्यावर आंतील नंतरचीं बांधकामें काढून जोतीं उघडीं करण्यांत आलीं, आणि चौक, दिवाणखाने व पाण्याचे पाट यांची मांडणी पुन्हां डोळ्यांस दिसूं लागली. त्या जोत्यांवरून हिंडतांना एक गोष्ट नजरेंत भरते : ओळी सरळ नाहींत. एका चौकाची भिंत दुसऱ्याच्या सोप्यास तिरकी लागते, एका जोत्याच्या पोटांत दुसरें जोतें शिरतें, पाण्याचा पाट एखाद्या खोलीच्या मधून जातो. एका हातानें एका वेळीं काढलेल्या नकाशाचें हें लक्षण नव्हे. सत्तर वर्षें प्रत्येक पिढीनें सोडण्याऐवजीं वाढविण्याचें ठरविलें, त्या ठरावांचा हा दगडी जमाखर्च आहे.

लांकडी घराच्या या वाढीचा एक दोष येथें नोंदला पाहिजे, कारण आगींचा उल्लेख वर वारंवार आला. चौकास चौक व मजल्यास मजला लागून वाढलेल्या घरांत जाळ अडण्यास जागा नसते. चौक धुराड्यासारखा वारा ओढतो, जिना जाळास वर नेतो, आणि कडीपाटाचें सागवान एकदां पेटलें म्हणजे विहिरीचें पाणी त्यास पुरत नाहीं. घर वाढवितां येतें हा बांधणीचा जो गुण, त्याच गुणानें शेवटीं घर खाल्लें. नव्या जागीं बांधलेला विश्रामबागवाडा मोकळा व आटोपशीर असल्यानें १८७९ त अर्धामुर्धा कां होईना वांचला. शुद्ध गृहस्थी हिशेबानें पाहिलें तर बाजीरावानें नवें घर बांधलें यांत कांहीं चुकलें नाहीं, असें म्हणणारास आम्ही विरोध करणार नाहीं.

वरील अनुमानाची परीक्षा कागदांनीं व्हावयास पाहिजे. इमारतखर्चाचे कागद राजकीय पत्रांइतके कोणी जपले नाहींत. ते पुण्याच्या दफ्तराच्या रुमालांत जसे आहेत तसे खासगी घराण्यांत, विशेषतः ज्यांच्या पूर्वजांकडे गवंडी, सुतार, बेलदार व पाथरवट यांची कारभारी होती त्यांच्याकडे, असण्याचा संभव आहे. सागवानाच्या वाहतुकीचीं दस्तकें, चुन्याच्या भट्ट्यांचे हिशेब, रोजमुऱ्याच्या याद्या, खिळे-कड्यांच्या खरेदीच्या चिठ्या, असे मोडी कागद संग्राहकांच्या दृष्टीस पडल्यास त्यांनीं ते क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नयेत. शके १७२५ ते १७३५ या दहा वर्षांतले तर मुळींच टाकूं नयेत. त्या वर्षांत शनवारवाड्याच्या तटावर, दरवाजांवर व देवड्यांवर पहिल्यासारखाच खर्च पडत होता असें दिसून आल्यास वर मांडलेलें मत सोडावें लागेल. तो खर्च आटत गेला आणि फक्त दिवाणखान्यांची रंगसफेदी तेवढी चालू राहिली असें दिसल्यास, तें मत कागदावर उभें राहील.